चुरूच्या बंद खिडक्या

जयपूरहून सीकर-फतेहपूरमार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरवर चुरू शहरात पोहोचतो. फतेहपूर मागे पडले की शेतांतील खेजडीची झाडे विरळ होत जातात आणि वाळूच्या टेकड्या थेट रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. उन्हाळ्यात येथील पारा पन्नास अंशांपर्यंत चढतो, तर हिवाळ्यातील काही पहाटे तो शून्याखाली उतरतो. अशा रुक्ष भूमीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणी चार-चार, सहा-सहा मजल्यांची घरे का बांधली असतील, असा प्रश्न नवख्या प्रवाशाला पडतो. त्याचे उत्तर त्या काळच्या वह्यांत सापडते. पेढी कोलकात्याला किंवा मुंबईला असे आणि कमाईही तिकडेच होई. परंतु घराण्याची पत जोखली जाई ती गावातील हवेलीवरून. पैसा परगावी मिळवायचा आणि चुना-दगडात गावी गुंतवायचा, ही त्या पिढीची रीत होती. परतावा काय मिळेल, याचा विचार त्या एका गुंतवणुकीपुरता कोणी केला नाही.

या शहरातील सर्वांत प्रसिद्ध इमारत म्हणजे ओसवाल जैन समाजातील सुराणा घराण्याची जुळी हवेली. १८७० च्या सुमारास बांधलेल्या या सहा मजली वास्तूस लोक ‘हवामहल’ म्हणतात. तिला ११११ खिडक्या-दरवाजे आहेत, असे सांगितले जाते. आकडा शुभ आहे आणि तो पडताळून पाहण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. गल्लीत उभे राहून मान वर केली, की ओळीमागून ओळ चढत गेलेल्या त्या खिडक्या पाहून संख्येविषयी शंका घ्यावीशी वाटत नाही. विजेचा पंखा नव्हता त्या काळात वाळवंटातील घर थंड ठेवण्याचा तोच उपाय होता. सावलीच्या बाजूची हवा आत घ्यायची, चौकातून ती वर जाऊ द्यायची आणि भर दुपारी झडपा लावून घ्यायच्या. दिवसातून दोन-तीन वेळा कोणीतरी हिंडून खिडक्या उघडणार आणि मिटणार, हे त्या रचनेत गृहीतच धरलेले होते.

ते ‘कोणीतरी’ आता घरात नाही. चुरू, रामगढ, फतेहपूर, सरदारशहर, कोणत्याही गावी जा, गल्लीच्या दोन्ही बाजूंना कुलपे दिसतात. घरातील माणसे कोलकाता, मुंबई, सुरत, चेन्नई येथे स्थिरावली. महाराष्ट्रातील अनेक ओसवाल कुटुंबांचे मूळ घरही मारवाडात किंवा या थळी प्रदेशात असेच बंद असते. मुलाचे जावळ, नवविवाहितांची कुलदेवीची जात, एखादे मोठे चातुर्मास, एवढ्याच निमित्ताने ते उघडते. २०२२ साली आचार्य महाश्रमणजींचे चातुर्मास चुरू जिल्ह्यातील छापर येथे झाले, तेव्हा त्या लहानशा गावाने देशभरातून आलेले श्रावक पाहिले. अशा वेळी गाव भरते. चार महिन्यांनी पुन्हा कड्या लागतात. पर्यटकाला हजार खिडक्यांचे कौतुक वाटते. ज्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आहे त्याच्या दृष्टीने त्या हजार कड्या असतात.

गेल्या कार्तिकात जालन्याचे एक कुटुंब अशाच एका घरासाठी चुरूस आले होते. सुराणांच्या हवेलीच्या मानाने त्यांचे घर अगदी साधे, तीन मजली. गल्लीचे वळण ओलांडले की लागणारे. सोबत शहात्तर वर्षांचे काकासा, त्यांचा पुतण्या, पुतण्याची पत्नी आणि पुण्यात शिकणारी मुलगी. कुटुंबाचा व्यवसाय लोखंडी सळयांचा. अर्ध्या मराठवाड्यातील खिडक्यांचे गज ज्यांच्या गोदामातून गेले, त्यांच्याच घराची एक खिडकी फोडली गेल्याचा फोन दिवाळीनंतर आठ दिवसांनी आला होता.

चौकीदाराचे घराणे तीन पिढ्यांपासून हवेलीच्या बाहेरच्या खोलीत राहत आलेले. म्हातारा फार ओशाळला होता. तो रोज रात्री गल्लीतून दोन फेऱ्या मारी आणि रोज सकाळी उंबऱ्यावर साचलेली वाळू झाडी. या गावात वाळू चहाडी करते. दारापाशी चार दिवसांची अखंड वाळू दिसली, की येथे कोणी येत-जात नाही हे कोणालाही कळते. म्हणून त्याने पुढचा उंबरा एक दिवसही चुकवला नव्हता. “सेठसा, समोरची एक कडीसुद्धा हलली नाही,” तो पुनःपुन्हा सांगत राहिला. आणि ते खरे होते.

चोर समोरून आलाच नव्हता. शेजारच्या ओसाड नोहऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या गुरांच्या वाड्याची, भिंत गेल्या पावसाळ्यात ढासळली होती. त्या ढिगाऱ्यावरून शेजारच्या गच्चीवर आणि तिथून या गच्चीवर येणे कठीण नव्हते. चौकाच्या उघड्या तोंडावर जुन्या लोकांनी लोखंडी जाळ बसवलेला होता, त्यामुळे चौकात उतरता आले नाही. तेव्हा जिन्याच्या माथ्याशी, गच्चीकडे उघडणाऱ्या एका दुर्लक्षित खिडकीची निवड झाली. या खिडकीचा कठडा आतबाहेर वाळूने माखलेला होता. मधोमध हातभर जागा मात्र स्वच्छ पुसलेली होती. चोराच्या कपड्यांनीच ती पुसली होती.

गेले काय? दोन कोरीव दरवाजांच्या फळ्या, पितळी समया, तांब्याचे हंडे, एक आरसा. वहीखात्यांची पेटी उलटी करून टाकलेली होती. तिच्यातील हस्तलिखित पोथ्या चोराच्या दृष्टीने निरुपयोगी ठरल्या, त्यामुळे त्या वाचल्या. काकासांनी ती पाने एकेक करून उचलली तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि विशिष्ट मोलाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित हे पुरावशेष मानले जाते व खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परंतु कायद्याचा आधार घ्यायचा तर वस्तू आपली होती हे आधी दाखवावे लागते. घरात काय काय आहे याची यादी नव्हती, छायाचित्रे नव्हती. पोलिसांनी “दरवाजा कसा होता?” असे विचारले, तेव्हा चौघांनी चार वर्णने केली.

ती फुटलेली खिडकी नीट पाहण्यासारखी होती, कारण तिच्या शेजारीच दुसरी, मूळची खिडकी शाबूत होती. जुन्या खिडकीची झडप आत उघडणारी. तिला बिजागरी नाही. झडपेच्याच लाकडातून काढलेले खुंट वर आणि खाली दगडी खोबणीत बसलेले. बाहेरून उपटता येईल असा एकही खिळा नाही. झडपेमागे भिंतीच्या पोटात सरकणारा जाड लाकडी अडसर आणि त्याच्या पुढे चौकटीत आरपार ओवलेले उभे गज. फुटलेली खिडकी तीस-चाळीस वर्षांपूर्वी बदललेली होती. तिच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूस आणि अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी धरलेल्या. चोराने कडीला हातही लावला नाही. त्याने पेचकसाने बिजागऱ्या काढल्या आणि झडप कडीसकट उचलून भिंतीशी व्यवस्थित उभी करून ठेवली. कुलूप शाबूत राहिले. कुलपाच्या किमतीकडे पाहणारे आपण सर्वजण बिजागरीकडे पाहत नाही, हे त्याला चांगले ठाऊक असावे.

पुतण्याचा निर्णय प्रवासातच झाला होता. गल्ली आणि बोळाकडील सर्व खिडक्या विटा-सिमेंटने बंद करून टाकायच्या. गवंडी बोलावलेला होता, आठ दिवसांचे काम त्याने अंगावर घेतले होते. “काकासा, वर्षातून चार दिवस येतो आपण. हवा कोणाला हवी आहे?” पुतण्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याला जालन्यात बसून रात्री फोन वाजला की धस्स होते, त्याला विटेचा भरवसा वाटणे साहजिक आहे.

काकासा ‘नाही’ म्हणाले नाहीत. गल्लीतच, पाच-सहा वर्षांपूर्वी याच पद्धतीने बंद केलेली एक हवेली होती. तिची किल्ली शेजाऱ्यांकडे होती. ती उघडून पाहू या, एवढेच ते म्हणाले.

दार उघडताच आतून जो दर्प आला त्याने मुलगी दोन पावले मागे सरली. बैठकीच्या खोलीत खिडकीच्या जागी सिमेंटचा करडा चौकोन होता आणि त्याच्या भोवताली हातभर रुंदीत चुन्याचा जुना गिलावा फुगून, पापुद्रे धरून खाली पडला होता. त्यावर कधीकाळी हत्ती आणि आगगाडी रंगवलेली होती. आगगाडीचे दोन डबे तेवढे शिल्लक होते. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात शोषलेला ओलावा ती वाऱ्यावर सोडते. खिडक्या बुजल्या की वारा थांबतो. सिमेंटमधून ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती कडेच्या चुन्यातून वाट काढते आणि येताना क्षार पृष्ठभागावर आणते. ते क्षार रंगाला आतून ढकलून पाडतात. तुळयांच्या टोकांना वाळवीची माती चढली होती. वरच्या मजल्यावर वटवाघळे होती. या घरात चोरी झाली नव्हती हे खरे. मात्र चोराने नेण्याजोगेही आता थोडेच उरले होते.

पुतण्याने गवंड्याला त्या दिवशी परत पाठवले. रद्द केलेले नाही, थांबवले आहे, असे तो म्हणाला. संध्याकाळी सुतार आणि लोहार बोलावले गेले आणि मुलीने वही-पेन घेऊन खिडक्या मोजायला सुरुवात केली. तळमजल्यावर रस्त्याकडे सहा, वरच्या मजल्यांवर रस्ता व बोळाकडे बावीस, चौकाकडे छत्तीस, एकूण चौसष्ट. या घरातील खिडक्या आजवर कोणी मोजल्या नव्हत्या, असे काकासांनीच सांगितले.

रिकामी इमारत कशी मिटून ठेवावी हा प्रश्न जगात सर्वत्र आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९३ मध्ये जुन्या वास्तू तात्पुरत्या बंद ठेवण्याविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सारांश चुरूच्या सुतारालाही पटण्याजोगा आहे: आत शिरणे अशक्य करा, पण हवा बंद करू नका आणि मूळ चौकटीला इजा पोहोचवू नका. तेथे खिडकीवर बाहेरून जाड प्लायवूडची फळी लावतात, आतल्या बाजूने आडवी दणकट लाकडे टाकतात आणि दोन्हींना लांब बोल्टांनी एकत्र आवळतात. बोल्टाचे बाहेरचे डोके गोल व गुळगुळीत असते, पान्याला पकड मिळत नाही, नट आत. चौकटीत एकही खिळा ठोकावा लागत नाही, कारण फळी व लाकूड मिळून भिंतीलाच चिमट्यात धरतात. काही फळ्यांना हवेसाठी झरोके ठेवतात.

चुरूच्या घरात एवढ्या फळ्यांची गरज नव्हती, कारण जुन्या बांधणाऱ्यांनी बरेचसे काम आधीच करून ठेवले होते. तळमजल्याच्या सहा खिडक्या लहान, माणसाच्या डोक्याहून उंच आणि गजांच्या होत्या. त्यांचे फक्त दोन गंजलेले गज बदलले. वरच्या मजल्यावरील नऊ खिडक्यांचे अडसर हरवले होते. लाकूड जळणात गेले असावे; भिंतीतील खोबणी मात्र तशाच होत्या. सुताराने शिसवीचे नऊ अडसर करून दिले. नंतरच्या काळातील पाच खिडक्यांच्या बिजागऱ्या बाहेरच्या होत्या. त्यांचे स्क्रू काढून तेथे आरपार बोल्ट घातले आणि आतून नट आवळून त्यांची टोके ठोकून चपटी केली. झडपांच्या वरच्या भागात बोटभर फटी ठेवून त्यांवर बारीक जाळी मारली. लोखंडाचे टोक रंगवलेल्या भिंतीत कोठेही गाडायचे नाही, हे काकासांनी लोहाराला बजावले. लोखंड गंजले की फुगते आणि चुना फोडते, हे लोखंडाच्या व्यापाऱ्याखेरीज अधिक कोण जाणणार?

सर्वाधिक खर्च झाला तो गच्चीवर. जिन्याच्या माथ्यावरची फुटलेली खिडकी आणि दार, दोन्हींना आतून लोखंडी जाळीचे दुसरे पान बसले. चौकाच्या जाळाचे चार सांधे नव्याने जोडले. शेजारच्या नोहऱ्याची भिंत आपल्या मालकीची नसूनही स्वखर्चाने कमरेच्या वर उचलण्याची परवानगी त्या मालकाकडून फोनवर घेतली. तो बिचारा कोइम्बतूरला असतो. रस्त्याकडील खिडक्यांवर लक्ष केंद्रित करणे हा सार्वत्रिक दोष आहे. चोराला रस्त्याची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी एक अडचण उभी राहिली. बोळाकडील मधल्या मजल्यावरच्या एका कोनाड्यात, झडप आणि गज यांच्या मध्ये, कबुतराने घरटे केले होते. दोन अंडी होती. झडपेची जाळी बसवली तर कबुतर बाहेर आणि अंडी आत. सुतार म्हणाला, घरटे उचलून बाहेर ठेवू. मुलीने नकार दिला. जागा बदललेल्या घरट्यावर पाखरू परत येईलच याची खात्री नसते. पिल्ले बाहेर यायला अठरा-एकोणीस दिवस, उडायला आणखी महिना. हवेली बंद करण्यापूर्वी आत कोणता जीव अडकला नाही ना हे पाहणे, ही खरे तर प्रत्येक कुलपाआधीची पहिली पायरी असायला हवी. कित्येक बंद घरांत नंतर सापडतात ते कोरडे पिसांचे पुंजके, आणि ते पाप चोराच्या खात्यावर टाकता येत नाही. ती एक खिडकी तशीच सोडायची आणि गजांच्या आतल्या बाजूने खोलीचे दार कुलूपबंद ठेवायचे, असे ठरले.

तिसऱ्या दिवशीची चर्चा खिडक्यांपेक्षा अवघड निघाली. घराचा पट्टा अजून काकासांच्या आजोबांच्या नावावर होता. वारस चौदा, चार शहरांत. वाटणीचा वाद नव्हता, कारण वाटणीच झालेली नव्हती. म्हणून खर्चही कोणाचाच नव्हता. ज्याला कळवळा आला त्याने त्या वर्षी दुरुस्ती करायची, ही जुनी पद्धत. तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी अशाच एका कळवळ्याच्या वर्षी, सर्वांत कमी दर देणाऱ्या सुताराकडून बदलली गेली होती. बंद घरात चोर शिरतो ती फट पुष्कळदा आधी वहीत पडलेली असते. त्या संध्याकाळी चौदांपैकी अकरा जण फोनवर बोलले. चार शाखांच्या नावे एक संयुक्त बचत खाते, कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार, दरवर्षी अक्षय तृतीयेला ठराविक वर्गणी आणि त्यातून चौकीदाराचा पगार, असे ठरले. चौकीदाराला आजवर वेळेवर पगार मिळत नव्हता, ही गोष्ट त्या फोनवर प्रथमच मोठ्याने उच्चारली गेली. उरलेले तिघे यथावकाश होकार देतील, अशी अपेक्षा आहे.

विम्याचीही विचारणा झाली. आग व तत्सम धोक्यांच्या अनेक पॉलिसींत इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली तर कंपनीला तसे कळवून मान्यता घेण्याची अट असते. ती न पाळल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. वर्षातून ३६० दिवस बंद असणाऱ्या घराचा हप्ता कित्येक कुटुंबे ही अट न वाचताच भरत असतात.

निघण्याच्या सकाळी पुतण्याने चौकीदाराला नवा नियम समजावला. रोज तिन्ही मजल्यांवर जायचे, महिन्यातून दोनदा सकाळी चौकाकडच्या सर्व झडपा उघडायच्या आणि दुपारपूर्वी लावायच्या, गच्चीवरची वाळूही झाडायची. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि नातवाला पुढे केले. “गुडघे थकले, सेठसा. वरचे हा पाहील. पण त्याच्या नावाचाही पगार लिहा.” पुतण्या क्षणभर काकासांकडे पाहत राहिला, मग त्याने लिहिला.

काकासांनी उलटून टाकलेल्या पेटीतील एक कोरी वही निवडली होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी श्री काढले, मिती घातली आणि मुलीने मोजलेल्या सर्व खिडक्या मजल्यानुसार उतरवल्या. किल्ल्यांचे तीन जुडगे कोणाकडे, तेही लिहिले. पान उलटण्याआधी त्यांनी बेरीज पुन्हा तपासली: एकूण खिडक्या ६४, पैकी बंद ६३. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ‘एक उघडी, कबुतर, पौष महिन्यात पाहणे’ असे लिहिले आणि वही चौकीदाराच्या नातवाच्या हाती दिली.